उबाल्दो चारीसच्या घरातले कर्णे

उबाल्दो चारीसच्या घरात अंग चोरूनच शिरावं लागे. बारांकिया शहरातल्या बार्रिओ अबाहो वस्तीत बाकीच्यांच्या पुढच्या खोल्या रस्त्याला सताड उघड्या. दारात डुलत्या खुर्च्या, आणि येणारा-जाणारा उंबऱ्यापाशी थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही. उबाल्दोच्या दारात आधी आडवे यायचे ते लाउडस्पीकरचे कर्णे. कवेत मावायचे नाहीत असे दोन, त्यांच्यामागे कपाटाएवढ्या लाकडी पेट्या, पेट्यांवर पेट्या, आणि सगळ्यात वर उघडी पडलेली लोहचुंबकं न्‌ फाटके कागदी कोन. या पसाऱ्यात मधोमध एक खुर्ची होती, ती त्याची. दुसरीला जागाच नव्हती.

हे काही पहिल्यापासून असं नव्हतं. उबाल्दो नदीकाठच्या कापडगिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करायचा. ऐन विशीत लागला तो गिरणीला टाळं लागेपर्यंत तिथेच होता. साचेखात्यात शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही कळत नसे, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. उबाल्दो त्यात इतका तयार झाला होता, की खात्याच्या त्या टोकाला मुकादम कुणाच्या आईचा उद्धार करतोय ते या टोकाला उभ्या उभ्या सांगायचा. सगळे हसायचे. घरी आल्यावरही त्याची ती खोड गेली नाही. कुणी बोलायला लागलं की हा टक लावून त्याच्या तोंडाकडे बघणार. बायकांना वाटे, किती लक्ष देऊन ऐकतो हा माणूस. नुल्फालाही लग्नाआधी तेच वाटलं होतं.

कर्ण्यांची पहिली जोडी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आली. जवळचं उघड्यावरचं सिनेमागृह बंद पडलं, पडदा फाडून लोकांनी ताडपत्र्या केल्या, आणि पडद्यामागचे कर्णे कुणालाच नको होते. उबाल्दोने ते खेचराच्या गाडीवर घालून घरी आणले. महिनाभर त्याने त्यांची गुंडाळी बदलली, गंज खरवडला, आणि एका शनिवारी कुंबियाच्या नाचगाण्यांची तबकडी लावली. नुल्फा खिडकीत बसून बोयो विकायची, मक्याच्या पिठाचे उंडे, मक्याच्याच पानात गुंडाळून उकडलेले. ती गिऱ्हाईक सोडून आत आली. ढोलाचा ठोका पोटात बसत होता, आणि त्याच्यावर माराका, दाण्यांचा खुळखुळा, अशी वाजत होती की आतला दाणा न्‌ दाणा वेगळा मोजावा. कडेवरच्या लेकीला, नेरेइदाला, घेऊन ती नाचायला लागली. उबाल्दोने हात पुसले न पुसले आणि तोही उतरला. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या घरचा शनिवार असाच जायचा, आणि गल्लीतली पोरं फरशीवर फतकल मारून बघत बसायची.

या नादाची माणसं गावात कमी नव्हती. रविवारी सकाळी ती विल्फ्रिदो दे ला ओसच्या परसात बदामाच्या झाडाखाली जमत. विल्फ्रिदो टीव्ही दुरुस्त करायचा. तो नेरेइदाचा धर्मपिता, म्हणून उबाल्दो आणि तो एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. कुणी नवा स्पीकर आणला की तो तिथे लावायचा, वर थंड बियर, कागदात गुंडाळलेली बुतिफारा सॉसेज, आणि मग उबाल्दोकडे बघायचं. तो डोळे मिटायचा. थोड्या वेळाने म्हणायचा, डाव्याचा कोन ओलसर आहे, किंवा उजव्याची तार कुठेतरी सुटलीय. उघडून बघावं तर तसंच निघे. 'उबाल्दोचा कान' असा शब्दच पडला होता त्या परसात. साध्या माणसाला आयुष्यात एखादीच गोष्ट अशी मिळते, की तिच्यामुळे चार लोक त्याच्याकडे मान वळवून बघतात. उबाल्दोला ती मिळाली होती.

पन्नाशी उलटल्यावर केव्हातरी त्याला वाटायला लागलं, की सिनेमाचे कर्णे मंदावलेत. ढोल जागेवर होता, पण माराका यायची नाही. आली तरी कुणीतरी शेजारच्या गल्लीत वाळू चाळतंय अशी. त्याने ते उघडले, आतले पातळ पडदे बदलले. फरक पडला नाही. मग त्याने एका बंद पडलेल्या दारूच्या दुकानातली जोडी आणली. पहिल्या दिवशी बरी वाटली, आठवड्यात तीही मुकी झाली. मग एका मेलेल्या डॉक्टरच्या विधवेकडून सागवानी पेट्या आणल्या, मग चर्चमधले उंच खांबासारखे स्पीकर, मग सांता मार्ताच्या एका नाचघरातले. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, आता सापडलं. आणि प्रत्येक वेळी थोड्या दिवसांनी म्हणायचा, यातही खोट आहे. आधीचं मात्र सहसा टाकायचा नाही, कारण कोण जाणे, खोट कर्ण्यात नसून तारेत असली तर?

गिरणी बंद झाली तेव्हा तर त्याला दुसरा उद्योगच उरला नाही. पुढची खोली भरली. नेरेइदा लग्न होऊन शेजारच्या सोलेदाद गावी गेली, तिची खोली भरली. मग पुढच्या खोलीपासून परसापर्यंत जाणारा बोळ दोन्ही बाजूंनी भरत भरत छतापर्यंत गेला, आणि मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट उरली. नुल्फाची चूल परसात, बोयोची खिडकी पुढे. दिवसातून कितीदा तरी ती गरम पातेलं पोटाशी धरून त्या वाटेने यायची-जायची. तिचे गुडघे दुखायला लागले होते. पेट्यांच्या कोपऱ्यांनी तिचे दंड कायम काळेनिळे असायचे. नेरेइदा आली की आईचे हात बघायची आणि बापाशी न बोलता परत जायची.

नुल्फाला मात्र खोट कुठे आहे ते केव्हाच कळलं होतं. बायकोला कळतंच. तो परसाकडे पाठ करून बसला असताना तिने हाक मारली की उत्तर येत नसे. समोर येऊन तेच बोललं की सगळं बरोबर कळे. एकदा दुपारी हळू आवाजात तबकडी लावून तो तारा जोडत बसला असताना तिने त्याच्या पाठीमागे उभं राहून झाकण फरशीवर टाकलं. तो ढिम्म हलला नाही. ती वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली.

"उबाल्दो, डॉक्टरकडे जाऊन कान दाखव."

"कुणाचे?"

"माझे नाही, तुझे. पेट्यांमध्ये काही झालेलं नाही. माराका मला ऐकू येतेय. आत्ता, इथे उभी राहून ऐकतेय मी."

उबाल्दो कधी तिच्यावर आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्या दिवशी चढवला. या गावात माझ्या कानावर लोक स्पीकर विकत घेतात, म्हणाला, आणि बोयो विकणारी बाई मला ऐकायला शिकवणार. मग तो गप्प झाला, आणि पुढे आठवडाभर गप्पच राहिला. जेवायला बसला तरी ताटाकडे बघायचा. तिच्या तोंडाकडे बघायचा नाही, म्हणजे तिने बोललेलं काही त्याच्यापर्यंत पोचायचंही नाही. नुल्फाने तो विषय पुन्हा काढला नाही. ती शेजारच्या एदील्साला म्हणाली, की या वयात त्याच्याकडून तेवढं एक काढून घेतलं तर राहील काय?

हे एदील्सालाही माहीत होतं, आणि विल्फ्रिदोच्या परसातल्या लोकांनाही. उबाल्दो एखादी जोडी 'मेलेली' म्हणून बाजूला काढायचा, आणि विल्फ्रिदो मान डोलावून म्हणायचा, खरं आहे कोंपाद्रे, गेली ही, दे माझ्याकडे, बदल्यात ती दुसरी घेऊन जा. असे कितीतरी धडधाकट कर्णे विल्फ्रिदोच्या घरी गेले आणि तिथून दुसरीकडे गेले, आणि उबाल्दोच्या घरी आली ती खरोखरची खोकी. उबाल्दो गेला की मागे पोरं हसायची. विल्फ्रिदो त्यांना दटावायचा. पण स्पीकर परत द्यायचा नाही.

डिसेंबरात बारांकियात वारा सुटतो. पत्रे वाजतात, दारं आपटतात, दोरीवरचे कपडे शेजारच्या परसात सापडतात. अशाच एका दुपारी उबाल्दोने नवीन आणलेली जोडी लावली होती. बोळाकडे पाठ, तोंड कर्ण्यांकडे, डोळे मिटलेले. आवाज इतका चढवला होता की खिडकीचे गज थरथरत होते, कारण आवाज चढवला की माराकेची सावली तरी लागल्यासारखी वाटे.

नुल्फा मक्याचं पातेलं घेऊन परसातून आत निघाली होती. वाऱ्याने परसाचं दार तिच्या मागे धाडकन आपटलं, बोळ हादरला, आणि चर्चमधले ते उंच खांब वरच्या पेट्यांसकट तिच्या अंगावर आले. ती कुशीवर पडली. कमरेवर सागवानी पेटी, पायांवर लोहचुंबकं, आणि पातेल्यातलं आधण फरशीवर पसरत तिच्या हाताखाली आलं.

भिंतीपलीकडे एदील्सा कपडे वाळत घालत होती. तिला आधी गडगडाट ऐकू आला, मग नुल्फाची हाक. नुल्फा नवऱ्याचं नाव घेत होती. एदील्सा धावत रस्त्याने पुढच्या बाजूला आली. दाराला आतून कडी होती. तिने दारावर मुठी आपटल्या, मग खिडकीशी येऊन गजांतून दोन्ही हात आत घालून हलवले. उबाल्दोने डोळे उघडले. दुपारचं ऊन तिच्या मागून थेट त्याच्या डोळ्यांवर येत होतं. तिचं तोंड त्याला नुसतं काळं दिसलं, ओठ दिसलेच नाहीत. त्याला वाटलं, आवाजाबद्दल भांडायला आलीय. तो तिच्याकडे बघून हसला, एक बोट वर केलं, म्हणजे हे एवढं एक गाणं होऊ दे, आणि पुन्हा डोळे मिटले.

एदील्साने हे पुढे कुणालाच सांगितलं नाही. पण त्या बोटाचं उबाल्दोने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. विचारलं नाही त्यालाही सांगितलं.

शेवटी एदील्साचे मुलगे परसाच्या भिंतीवरून उड्या टाकून आत आले. तोवर गाणं संपून खोलीची थरथर थांबली होती, म्हणून त्यांनी पेट्या उचलायला सुरुवात केली तेव्हा फरशीतून आलेला धक्का उबाल्दोच्या तळपायांना कळला, आणि त्याने मागे वळून बघितलं.

नुल्फाचं कमरेचं हाड मोडलं होतं, हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. इस्पितळात हाड जोडलं, पण तिला उठून बसता येईना. नेरेइदाने तिला तिथूनच सोलेदादला आपल्या घरी नेलं. त्या घरात आईची खाट न्यायला तरी वाट उरलीय का, एवढंच ती बापाला म्हणाली. उबाल्दो रोज सकाळी बसने सोलेदादला जायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचा. नेरेइदा त्याच्यासमोर ताट ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

जानेवारी सरताना नुल्फाच्या छातीत कफ साठला. कार्निव्हल जवळ आला होता, गल्लोगल्ली ढोल घुमत होते. उबाल्दो खाटेच्या उशाशी बसायचा, तर ती मान हलवून त्याला पायथ्याशी यायला सांगायची. तिथे बसलं की तिचं तोंड त्याला नीट दिसे. कानांचं नाव न काढता तिने एवढी सोय केली होती. एका सकाळी नेरेइदा बाजारात गेलेली असताना त्याने विचारलं.

"किती वेळ हाका मारत होतीस?"

नुल्फाने त्याच्याकडे तोंड वळवलं.

"एकदाच मारली. मग म्हटलं, ऐकतोय तर ऐकू दे. येतीलच कुणीतरी."

तिचं बोलणं त्याने अक्षर न्‌ अक्षर वाचलं. आयुष्यभर माणसांची तोंडं बघितलेल्या त्या माणसाला ती खोटं बोलतेय हेही तिच्या तोंडावरूनच कळलं.  तिचा भाजलेला हात पट्टीत होता, म्हणून त्याने पांघरुणावरून तिचं पाऊल धरलं.

ती कार्निव्हलच्या शनिवारी गेली. मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते, म्हणून दफन बुधवारपर्यंत लांबवावं लागलं. तो राखेचा बुधवार, उपासाच्या काळाचा पहिला दिवस, म्हणून गावाच्या कपाळावर राखेचे क्रूस होते, डोळे जागरणाने तांबारलेले होते. बार्रिओ अबाहोतली जवळजवळ सगळी गल्ली आली होती. विल्फ्रिदोही आला होता. तो उबाल्दोच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलला, पण मान खाली घालून बोलला, त्यामुळे उबाल्दोला काहीच कळलं नाही.

नंतर नेरेइदानेच त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. एका लहानशा खोलीत बसवून त्याच्या कानांवर यंत्र चढवलं, आणि शिट्टी ऐकू आली की हात वर करा असं सांगितलं. सुरुवातीला त्याने दोन-तीनदा हात वर केला. मग वाट बघत बसला. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा त्याने विचारलं, यंत्र बिघडलं का? डॉक्टरीण तरुण होती. ती त्याच्या समोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, की तपासणी झाली. बारीक आवाज तुमच्यापर्यंत पंधरा-वीस वर्षं पोचतच नसणार. कुठे कामाला होता तुम्ही? त्याने गिरणीचं नाव सांगितलं. तिने मान हलवली. त्या गिरणीचं नाव तिने आधीही बऱ्याच म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं.

तिथून तो घरी न जाता विल्फ्रिदोकडे गेला. रविवार नव्हता, परस रिकामं होतं. विल्फ्रिदो आतल्या खोलीत होता. त्या खोलीत भिंतीशी सिनेमागृहातले ते पहिले कर्णे चकचकीत पॉलिश करून ठेवले होते. उबाल्दोने 'मेलेले' म्हणून दिलेली ती जोडी. एकाच्या कडेला त्याने दुरुस्ती करताना स्वतःच्या हाताने घातलेला कथलाचा डाग होता.

"तुला माहीत होतं," उबाल्दो म्हणाला.

विल्फ्रिदोने नाही म्हटलं नाही.

"सगळ्यांना माहीत होतं, कोंपाद्रे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कानाबद्दल इतका बोलायचास. कुणी सांगायचं तुला? आणि..." विल्फ्रिदोने कर्ण्यांकडे बघितलं. "आणि मला ते हवे होते. लपवून काय करू आता. घेऊन जा तुझे. आत्ताच गाडी बोलावतो."

उबाल्दोने त्याच्याकडे बघितलं. दोघेही म्हातारे झाले होते. मारावं असं त्याच्या मनात आलंही होतं, पण हात उचलायला अंगात जोर नव्हता. शिवाय नुल्फाने उबाल्दोला समोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, तेही त्याने ऐकलं नव्हतं. विल्फ्रिदोने न सांगितल्याचं काय घेऊन बसायचं?

"राहू देत इथेच," तो म्हणाला. "तुला ऐकू येतात ना? तूच ऐक."

त्या घराची पायरी तो पुन्हा चढला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने घर रिकामं करायला काढलं. एकट्याने तो एकेक पेटी ओढत रस्त्याच्या कडेला आणून ठेवायचा. नादिष्ट लोकांना वास लागलाच. रविवारच्या परसातले तीन-चार जण आले, भाव विचारायला लागले, म्हणाले, अहो उबाल्दो, हे असं रस्त्यावर टाकायचं असतं का, यातल्या काहींना माणसं वर्षानुवर्षं शोधतात. उबाल्दोने कुणालाच भाव सांगितला नाही. ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. बाकीचं खेचरवाल्यांनी नेलं. कुणी पेट्यांचं लाकूड कोंबड्यांच्या खुराड्यासाठी नेलं, कुणी लोहचुंबकं भंगारात घातली. चर्चमधले खांब मात्र त्याने कुणाला दिले नाहीत. परसात कुऱ्हाडीने फोडले, आणि चुलीत घालता घालता तीन दिवस जाळले.

बोळ मोकळा झाला तेव्हा त्याला आपल्याच घराच्या फरशीचा रंग नवा वाटला. भिंतींवर पेट्यांच्या उंचीचे फिकट चौकोन उमटले होते. नेरेइदा एकदा येऊन बघून गेली. बोळाच्या मधोमध ती थोडा वेळ उभी राहिली, मग आईचे कपडे घेतले, आणि जाताना बापाला म्हणाली, "आता केलंस?" त्याला हे वाचता आलं. वाचता येणार नाही अशी सोय तिने ठेवलीच नव्हती. ती थेट त्याच्याकडे तोंड करून बोलली होती.

डॉक्टरणीने दिलेलं यंत्र तो कानात घालायला लागला. त्यातून गाणं ऐकता येईना. सगळंच पत्र्यासारखं वाजे. पण घरातले आवाज यायला लागले. माठावरच्या झाकणाचा, एदील्साच्या खराट्याचा. आणि परसाच्या दाराची बिजागरी, जी उघडताना एवढी किंचाळायची, की पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो दचकून मागे सरला. त्याने भिंतीवरून एदील्साला विचारलं, हे दार कधीपासून असं वाजतं?

"फार वर्षं झाली," एदील्सा म्हणाली. "नुल्फा म्हणायची, मी दार उघडून आले ते त्याला नाही, तरी मला कळतं."

दुपारी त्याने तेलाची बुधली हातात घेतली आणि दारापाशी गेला. दार त्याने चार-पाचदा उघडलं, लावलं. मग बुधली तशीच भरलेली चुलीच्या कोनाड्यात ठेवून दिली.

अजूनही तो त्याच घरात राहतो. पुढच्या खोलीत दोन डुलत्या खुर्च्या आहेत, आणि रस्त्याला दार उघडं असतं. संध्याकाळी एदील्सा वाटीभर काहीतरी घेऊन येते, समोरच्या खुर्चीत बसते, आणि दिवा आपल्या तोंडावर पडेल अशी खुर्ची वळवून गल्लीतल्या गोष्टी सांगते. उबाल्दो ऐकतो. नेरेइदा आईच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला येते, चर्चमध्ये त्याच्या शेजारच्या बाकावर बसते, आणि प्रार्थना संपली की बसने सोलेदादला जाते.